आलेखावरची बीजगणिताची उदाहरणे कशी सोडवावीत

दहावीपर्यंत आलेख म्हणजे आलेख कागद, टोक काढलेली पेन्सिल, चार क्रमित जोड्यांची सारणी आणि दोन रेषा जिथे छेदतात तो बिंदू. अकरावीत गेलात की प्रश्नांची भाषा बदलते. ‘बिंदू (२, ७) आलेखावर आहे, तर अ ची किंमत काढा.’ ‘फ(क्ष) = ३ या समीकरणाला किती उत्तरे आहेत?’ ‘आलेख तीन एकक उजवीकडे सरकवला, तर नवे समीकरण लिहा.’ यातली आकडेमोड आठवी-नववीचीच असते. तरीही चांगली हुशार मुले इथे अडतात. आलेख म्हणजे चित्र आणि समीकरण म्हणजे गणित, अशी दोघांची त्यांच्या मनात फारकत झालेली असते. ती मिटवणारा एकच नियम आहे. या लेखातले प्रत्येक उदाहरण त्याच नियमाने सोडवले आहे.

पुस्तकांत चलांसाठी एक्स आणि वाय ही अक्षरे असतात. इथे त्यांच्या जागी क्ष आणि य घेतले आहेत. आडवा तो क्ष-अक्ष, उभा तो य-अक्ष. वाचताना शेजारी वही ठेवा आणि प्रत्येक उदाहरण आधी स्वतः करून बघा.

तो एक नियम

फलन म्हणजे क्ष ची किंमत दिली की य ची एक आणि एकच किंमत देणारा नियम. तो य = फ(क्ष) असा लिहितात. उदाहरणार्थ फ(क्ष) = २क्ष − ३. इथे क्ष = ५ ठेवला की २ × ५ − ३ = ७ येतात, म्हणून फ(५) = ७. हेच वाक्य आलेखाच्या भाषेत असे होते : बिंदू (५, ७) या फलनाच्या आलेखावर आहे.

नियम इतकाच : बिंदूचे दोन्ही निर्देशक समीकरणात ठेवल्यावर डावी आणि उजवी बाजू समान आली, तर बिंदू आलेखावर आहे, समान आली नाही, तर नाही. वक्ररेषेवरचा प्रत्येक बिंदू म्हणजे समीकरणाचे एक उत्तर, हा विचार सतराव्या शतकात युरोपात रुजला. फ्रेंच गणितज्ञ रेने देकार्त यांचा भूमितीवरचा ग्रंथ १६३७ साली प्रसिद्ध झाला आणि निर्देशकांची आजची पद्धत त्यांच्याच नावाने ओळखली जाते. भूमितीचा प्रश्न बीजगणिताने सोडवायचा आणि बीजगणिताचा प्रश्न डोळ्यांनी बघायचा, ही सोय तेव्हापासून आपल्याला मिळाली.

आता या नियमातून किती प्रकारचे प्रश्न निघतात ते पाहू. फलन तेच, फ(क्ष) = २क्ष − ३.

बिंदू (४, ६) आलेखावर आहे का? क्ष = ४ ठेवा : ८ − ३ = ५. य तर ६ दिला आहे. म्हणजे बिंदू आलेखावर नाही. तो रेषेच्या एक एकक वर आहे, कारण ६ हे ५ पेक्षा १ ने मोठे आहेत.

बिंदू (ट, ११) आलेखावर आहे, तर ट किती? य च्या जागी ११ आणि क्ष च्या जागी ट लिहा : ११ = २ट − ३, म्हणून २ट = १४, ट = ७.

तिसरा प्रकार परीक्षेत फार येतो. य = अक्ष² − ५ हा आलेख (२, ७) मधून जातो, तर अ काढा. इथे गोंधळ असा होतो की क्ष, य, अ अशी तीन अक्षरे दिसतात आणि समीकरण मात्र एकच. पण बिंदू दिला म्हणजे क्ष आणि य दिलेच. ठेवून पाहा : ७ = ४अ − ५, म्हणून ४अ = १२, अ = ३. ‘मधून जातो’, ‘आलेखावर आहे’, ‘समीकरणाचे समाधान करतो’ या तिन्ही शब्दप्रयोगांचा अर्थ एकच आहे. यांपैकी काहीही दिसले की बिंदू समीकरणात ठेवायचा.

फ(३) आणि फ(क्ष) = ३

या दोघांतला फरक पक्का झाल्याशिवाय पुढे जाऊ नका, असा माझा आग्रह आहे. फ(३) काढा म्हणजे क्ष दिला आहे, य शोधा. आलेखावर : आडव्या अक्षावर ३ पाशी बोट ठेवा, सरळ वर किंवा खाली जा, आलेख लागला की डावीकडे-उजवीकडे बघून उभ्या अक्षावरची उंची वाचा. उत्तर एकच मिळते, कारण फलन एका क्ष ला एकच य देते.

फ(क्ष) = ३ सोडवा म्हणजे य दिला आहे, क्ष शोधा. आता बोट उभ्या अक्षावर ३ पाशी ठेवायचे आणि त्या उंचीवर आडवी रेषा काढायची. ती आलेखाला जिथे जिथे छेदेल, त्या प्रत्येक ठिकाणचा क्ष हे एक उत्तर. उत्तर एक असेल, दोन असतील, एकही नसेल. कधी कधी अगणितही असतात, आणि त्याचे उदाहरण रस्त्यावरच सापडते.

मुंबई महानगर क्षेत्रात १ फेब्रुवारी २०२५ पासून रिक्षाचे किमान भाडे २६ रुपये झाले. ते पहिल्या १.५ किलोमीटरसाठी. पुढे किलोमीटरला १७.१४ रुपये. थांबण्याचे पैसे आणि मीटर रुपयात पूर्णांक करतो तो भाग बाजूला ठेवला, तर अंतर क्ष किलोमीटर असताना भाडे असे :

क्ष हा १.५ किंवा त्याहून कमी असेल तर फ(क्ष) = २६
क्ष हा १.५ पेक्षा जास्त असेल तर फ(क्ष) = २६ + १७.१४(क्ष − १.५)

आलेख काढला तर आधी २६ च्या उंचीवर एक आडवा तुकडा दिसतो आणि १.५ पासून वर चढत जाणारी तिरकी रेषा. आता विचारा : फ(क्ष) = २६ ची उत्तरे किती? शून्यापासून १.५ पर्यंतचे प्रत्येक अंतर हे उत्तर आहे. अर्धा किलोमीटर जा किंवा सव्वा, पैसे तेवढेच. फ(क्ष) = २० ला उत्तरच नाही. आणि ६० रुपये झाले, तर अंतर किती? ६० हे २६ पेक्षा जास्त, म्हणून दुसरे सूत्र घ्यायचे : १७.१४(क्ष − १.५) = ३४, क्ष − १.५ ≈ १.९८, क्ष ≈ ३.४८ किलोमीटर. दोन सूत्रांच्या फलनात आधी कोणते सूत्र लागू आहे हे ठरवायचे, मगच किमती ठेवायच्या.

याच भाडेवाढीत काळी-पिवळी टॅक्सी पहिल्या १.५ किलोमीटरला ३१ रुपये आणि पुढे किलोमीटरला २०.६६ रुपये झाली. दोघांचे भाडे समान होईल असे एखादे अंतर आहे का? १.५ च्या पुढचे अंतर ट मानू : २६ + १७.१४ट = ३१ + २०.६६ट. यातून ३.५२ट = −५, म्हणजे ट ऋण येतो. समीकरणाने उत्तर दिले, पण ते सूत्राच्या हद्दीबाहेरचे आहे, कारण ट शून्यापेक्षा कमी असूच शकत नाही. म्हणून असे अंतर नाही. दोन आलेख कुठेही भेटत नाहीत. उत्तर मिळाले की ते चालणारे आहे का, हे बघण्याची सवय इथूनच लावून घ्या.

अक्षांना छेदणारे बिंदू

क्ष-अक्षावरच्या प्रत्येक बिंदूचा य शून्य असतो. य-अक्षावरच्या प्रत्येक बिंदूचा क्ष शून्य असतो. म्हणून आलेख क्ष-अक्षाला कुठे छेदतो हे शोधायचे तर य = ० ठेवा; य-अक्षाला कुठे छेदतो हे शोधायचे तर क्ष = ० ठेवा. नवशिके हे उलटे करतात, म्हणून पाठ करण्यापेक्षा दर वेळी आरंभबिंदूजवळ बोट ठेवून ‘मी या अक्षावर आहे, तर माझा कोणता निर्देशक शून्य?’ असे विचारलेले बरे.

३क्ष + ४य = १२ घ्या. य = ० ठेवला की क्ष = ४, बिंदू (४, ०). क्ष = ० ठेवला की य = ३, बिंदू (०, ३). दोन बिंदू जोडले की रेषा तयार. रेषा आणि दोन अक्ष यांच्यामधल्या त्रिकोणाचे क्षेत्रफळ विचारले, तर काटकोनाच्या बाजू ४ आणि ३, क्षेत्रफळ ६ चौरस एकक. कर्ण पायथागोरसच्या प्रमेयाने ५.

रेषा : चढ आणि दोन बिंदू

रेषेचे समीकरण य = मक्ष + क असे लिहिले की म हा चढ असतो आणि क म्हणजे रेषा य-अक्षाला जिथे छेदते तिथली उंची. चढ म्हणजे क्ष एकाने वाढला की य किती बदलतो ते. दोन बिंदू दिले असतील तर य मधला फरक भागिले क्ष मधला फरक.

बिंदू (−१, ८) आणि (३, −४) यांतून जाणारी रेषा काढू. य मधला फरक −४ − ८ = −१२. क्ष मधला फरक ३ − (−१) = ४. चढ −३. दोन्ही फरक घेताना क्रम तोच ठेवा. वर दुसऱ्यातून पहिला वजा केला असेल, तर खालीही दुसऱ्यातूनच पहिला. आता य = −३क्ष + क मध्ये (−१, ८) ठेवा : ८ = ३ + क, क = ५. समीकरण य = −३क्ष + ५. इथेच थांबू नका. जो बिंदू वापरला नाही, तो ठेवून पडताळा घ्या : क्ष = ३ असताना −९ + ५ = −४. बरोबर. वापरलेलाच बिंदू पुन्हा ठेवून घेतलेल्या पडताळ्यात चढ चुकला असला तरी सगळे जुळल्यासारखे दिसते.

दोन बिंदूंतून रेषा काढण्याचे सगळ्यांच्या ओळखीचे उदाहरण तापमापीत आहे. नेहमीच्या वायुदाबाला पाणी शून्य अंश सेल्सिअसला गोठते, तेव्हा फॅरनहाइट मापावर ३२ असतात; १०० अंश सेल्सिअसला उकळते, तेव्हा २१२. क्ष म्हणजे सेल्सिअस, य म्हणजे फॅरनहाइट घेतले तर बिंदू (०, ३२) आणि (१००, २१२). चढ १८०/१०० = ९/५. य-अक्षावरचा छेद ३२ तर दिलेलाच आहे. म्हणून य = (९/५)क्ष + ३२. शाळेत पाठ केलेले सूत्र म्हणजे दोन बिंदूंतून जाणारी साधी रेषा.

याच रेषेवर तीन प्रकारचे प्रश्न विचारून पाहा. ४० अंश सेल्सिअस म्हणजे किती फॅरनहाइट? क्ष = ४०, य = ७२ + ३२ = १०४. शरीराचे ९८.६ अंश फॅरनहाइट म्हणजे किती सेल्सिअस? य दिला आहे : ९८.६ − ३२ = ६६.६, त्याचे पाच नवमांश ३७. आणि दोन्ही मापांवर एकच आकडा कधी येईल? म्हणजे य = क्ष. तेव्हा क्ष = (९/५)क्ष + ३२, −(४/५)क्ष = ३२, क्ष = −४०. आलेखाच्या भाषेत ही रेषा य = क्ष या रेषेला (−४०, −४०) पाशी छेदते.

समांतर रेषांचे चढ समान असतात. एकमेकींना लंब असलेल्या तिरक्या रेषांच्या चढांचा गुणाकार −१ असतो. य = ५ सारखी आडवी रेषा म्हणजे चढ शून्य. क्ष = ३ सारख्या उभ्या रेषेला चढ सांगता येत नाही, कारण भाजक शून्य होतो. ती फलनाचा आलेखही नाही, कारण एकाच क्ष ला अगणित य मिळतात. कुठल्याही वक्ररेषेवर उभी पट्टी ठेवून डावीकडून उजवीकडे सरकवा. एकाही जागी पट्टी वक्ररेषेला दोनदा छेदत नसेल, तरच तो फलनाचा आलेख.

दोन आलेख कुठे छेदतात

छेदनबिंदू दोन्ही आलेखांवर असतो, म्हणून तो दोन्ही समीकरणांचे समाधान करतो. एकसामयिक समीकरणे ती हीच. य = २क्ष − १ आणि क्ष + य = ८ घ्या. पहिल्यातला य दुसऱ्यात ठेवा : क्ष + २क्ष − १ = ८, क्ष = ३, य = ५. छेदनबिंदू (३, ५).

दहावीच्या परीक्षेत हे आलेख काढूनच सोडवायला सांगितले, तर प्रत्येक रेषेसाठी दोनऐवजी निदान तीन बिंदू घ्या. दोन बिंदू नेहमीच एका रेषेत येतात. तिसरा त्याच रेषेवर आला नाही, तर सारणीत काही चुकले हे लगेच कळते. कोपऱ्यात प्रमाण लिहा : दोन्ही अक्षांवर १ सेमी = १ एकक. रेषांवर त्यांची समीकरणे लिहा आणि दोन्ही टोकांना बाण काढा. रेषा समांतर निघाल्या तर उत्तर नाही. एकीवर दुसरी बसली तर उत्तरे अगणित.

हीच रीत रेषा आणि वक्ररेषा यांनाही चालते. य = क्ष² − २क्ष − ३ आणि य = क्ष + १ कुठे छेदतात? दोन्ही य समान : क्ष² − २क्ष − ३ = क्ष + १. सगळे एका बाजूला : क्ष² − ३क्ष − ४ = ०. अवयव : (क्ष − ४)(क्ष + १) = ०. क्ष = ४ किंवा −१. इथे बरेच जण उत्तर लिहून मोकळे होतात, पण प्रश्नात बिंदू विचारले आहेत, म्हणून य सुद्धा काढा. सोप्या समीकरणात, म्हणजे रेषेत ठेवा : बिंदू (४, ५) आणि (−१, ०).

अन्वस्त : इथे वेळ द्या

वर्गसमीकरण दहावीत सोडवले जाते, पण त्यामागचे चित्र तेव्हा फारसे समोर येत नाही. ते चित्र म्हणजे अन्वस्त (पॅराबोला), वाटीसारखी वक्ररेषा. ते एकदा नीट काढले की विवेचक, मुळे आणि पूर्ण वर्ग पद्धत या तीन वेगळ्या वाटणाऱ्या गोष्टी एका जागी येतात. म्हणून य = क्ष² − २क्ष − ३ चा आलेख खरोखरच आलेख कागदावर काढा. सारणी :

क्ष = −२, य = ५
क्ष = −१, य = ०
क्ष = ०, य = −३
क्ष = १, य = −४
क्ष = २, य = −३
क्ष = ३, य = ०
क्ष = ४, य = ५

ऋण किमती ठेवताना कंस हवाच : (−२)² म्हणजे ४, आणि −२ × (−२) म्हणजे अधिक ४. त्यामुळे क्ष = −२ असताना ४ + ४ − ३ = ५. सारणीतल्या बऱ्याच चुका हा कंस न घातल्यामुळे होतात. बिंदू पट्टीने जोडायचे नाहीत, हाताने गोलाईने जोडायचे.

आता सारणी मधून वाचा. क्ष = १ च्या दोन्ही बाजूंना य च्या किमती जुळतात : ० ला आणि २ ला −३, −१ ला आणि ३ ला ०. क्ष = १ ही उभी रेषा आलेखाचा सममिती अक्ष आहे. सर्वांत खालचा बिंदू (१, −४) हा शिरोबिंदू. तो सारणी न करताही मिळतो. य = अक्ष² + बक्ष + क असेल तर शिरोबिंदूचा क्ष = −ब/(२अ). इथे अ = १, ब = −२, म्हणून क्ष = १. मग तो समीकरणात ठेवून य काढायचा. हे सूत्र कुठून आले ते पूर्ण वर्ग केल्यावर दिसते : क्ष² − २क्ष − ३ = (क्ष − १)² − ४. वर्ग शून्यापेक्षा कमी होत नाही, म्हणून य ची सर्वांत लहान किंमत −४, आणि ती क्ष = १ असतानाच.

या एका चित्रावर विचारता येणारा सर्वांत चांगला प्रश्न हा : क्ष² − २क्ष − ३ = ट या समीकरणाला किती उत्तरे आहेत? ट च्या उंचीवर आडवी रेषा काढल्याची कल्पना करा. ट हा −४ पेक्षा मोठा असेल तर रेषा अन्वस्ताला दोनदा छेदते, दोन उत्तरे. ट = −४ असेल तर ती शिरोबिंदूला नुसती स्पर्श करते, एक उत्तर. ट हा −४ पेक्षा लहान असेल तर रेषा खालून निघून जाते, वास्तव उत्तर नाही. आता विवेचक, म्हणजे ब² − ४अक, काढा. समीकरण क्ष² − २क्ष − (३ + ट) = ०, विवेचक ४ + ४(३ + ट) = १६ + ४ट. तो धन, शून्य किंवा ऋण केव्हा होतो? ट हा −४ पेक्षा मोठा, समान किंवा लहान असताना. दहावीत विवेचकावरून मुळांचे स्वरूप ठरवले होते. ते का ठरते, हे इथे डोळ्यांना दिसते.

असमानताही याच चित्रातून सुटते. क्ष² − २क्ष − ३ < ० म्हणजे आलेख क्ष-अक्षाच्या खाली कुठे आहे? −१ आणि ३ यांच्या मध्ये. उत्तर −१ < क्ष < ३.

उलटा प्रश्न : एक अन्वस्त क्ष-अक्षाला −२ आणि ४ पाशी छेदतो आणि (०, −१६) मधून जातो, तर समीकरण काढा. मुळे माहीत आहेत म्हणून य = अ(क्ष + २)(क्ष − ४). पुढचा अ विसरू नका. याच दोन बिंदूंतून जाणारे अगणित अन्वस्त असतात, अरुंद, पसरट, उलटे. तिसरा बिंदू ठेवा : −१६ = अ × २ × (−४) = −८अ, अ = २. समीकरण य = २(क्ष + २)(क्ष − ४).

व्यवहारातले उदाहरण हवे असेल तर सरळ वर फेकलेला चेंडू घ्या. वेग सेकंदाला २० मीटर, गुरुत्वत्वरण सोयीसाठी १० धरले आणि हवेचा विरोध सोडला, तर ट सेकंदांनंतरची उंची २०ट − ५ट² मीटर. ती शून्य कधी? ५ट(४ − ट) = ०, म्हणजे फेकताना आणि ४ सेकंदांनी. सर्वांत उंच कधी? दोन्ही मुळांच्या बरोबर मध्ये, २ सेकंदांनी, उंची ४० − २० = २० मीटर. १५ मीटर उंचीवर कधी? ५ट² − २०ट + १५ = ०, ट = १ किंवा ३; एकदा वर जाताना, एकदा खाली येताना. आणि २५ मीटरवर? विवेचक ऋण येतो, चेंडू तिथवर पोचतच नाही.

आलेख सरकवणे

य = फ(क्ष) + ३ हा आलेख तीन एकक वर जातो, हे सहज पटते. य = फ(क्ष − ३) मात्र उजवीकडे जातो, आणि वजा चिन्ह असून उजवीकडे का, हा प्रश्न बहुतेकांना पडतो. पाठ करू नका, सुरुवातीचा नियम लावा. जुन्या आलेखावर (२, ५) हा बिंदू आहे, म्हणजे फ(२) = ५. नव्या आलेखावर य = ५ यायचा असेल, तर कंसात २ यायला हवेत : क्ष − ३ = २, क्ष = ५. म्हणजे (२, ५) चा (५, ५) झाला. तीन एकक उजवीकडे.

याच रीतीने कितीही गुंतागुंतीचा प्रश्न सुटतो. (२, ५) हा य = फ(क्ष) वर आहे, तर य = −२फ(क्ष + १) वर कोणता बिंदू नक्की असेल? पायरी एक : कंसातली राशी २ करा, क्ष + १ = २, क्ष = १. पायरी दोन : मग फ ची किंमत ५, म्हणून य = −२ × ५ = −१०. बिंदू (१, −१०). य = फ(२क्ष) असेल तर २क्ष = २, क्ष = १, बिंदू (१, ५). य = −फ(क्ष) ने आलेख क्ष-अक्षात उलटतो, (२, −५). य = फ(−क्ष) ने य-अक्षात, (−२, ५). आधी कंसातून क्ष, मग बाहेरून य. हा क्रम मोडला नाही की चूक होत नाही.

कोणता क्ष चालतो

वास्तव संख्यांमध्ये ऋण संख्येचे वर्गमूळ नसते आणि शून्याने भागता येत नाही. म्हणून य = √(क्ष − २) मध्ये क्ष किमान २ हवा; आलेख (२, ०) पासून सुरू होतो आणि उजवीकडेच जातो. य = १/(क्ष − ३) मध्ये क्ष = ३ चालत नाही; तिथे आलेख तुटतो.

वर्गमुळाच्या समीकरणात एक सापळा आहे. √(क्ष + ६) = क्ष सोडवताना दोन्ही बाजूंचा वर्ग करतात : क्ष + ६ = क्ष², क्ष² − क्ष − ६ = ०, क्ष = ३ किंवा −२. मूळ समीकरणात ठेवा. क्ष = ३ : √९ = ३, बरोबर. क्ष = −२ : √४ = २, पण उजवी बाजू −२. हे उत्तर टाकून द्यायचे. आलेखात कारण दिसते : √ चा आलेख क्ष-अक्षाच्या खाली कधी जात नाही, आणि य = क्ष ही रेषा क्ष ऋण असताना खाली असते, तेव्हा ते तिथे भेटणार कसे? वर्ग करताना चिन्हाचा फरक पुसला जातो, म्हणून वर्ग केला की पडताळा सक्तीचा.

सरावासाठी

हाताने आलेख काढल्यावर जिओजेब्रा किंवा डेस्मॉस या आलेख काढून देणाऱ्या संगणकीय साधनांवर तेच समीकरण टाकून ताडून पाहा; दोन्ही फुकट वापरता येतात. मात्र आधी हाताने, मग पडद्यावर.

१. बिंदू (३, अ) हा य = क्ष² − ४क्ष + १ वर आहे. अ किती?
२. (२, १) आणि (५, १०) मधून जाणारी रेषा क्ष-अक्षाला कुठे छेदते?
३. य = क्ष² + अक्ष + ९ हा आलेख क्ष-अक्षाला स्पर्श करतो. अ च्या सर्व किमती काढा.
४. (−४, ६) हा य = फ(क्ष) वर आहे. य = फ(क्ष + १) − २ वर कोणता बिंदू असेल?
५. √(२क्ष + ३) = क्ष सोडवा.

उत्तरे : १) −२. २) रेषा य = ३क्ष − ५, बिंदू (५/३, ०). ३) ६ आणि −६, विवेचक अ² − ३६ शून्य हवा, आणि एकात शिरोबिंदू (−३, ०) येतो, दुसऱ्यात (३, ०). ४) (−५, ४). ५) फक्त ३, वर्ग केल्यावर −१ सुद्धा येतो, पण तो मूळ समीकरणात बसत नाही.